फेस (मोरोक्को) : सासूबाईंचे गुडघे, पक्का शाकाहार आणि चार रात्री, कसं बसवावं?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आम्ही चौघं मोरोक्कोला निघालोय. मी, नवरा, सासूबाई (६७) आणि सासरे (७२). कासाब्लांका, फेस आणि शेवटी मराकेश असा बेत आहे. प्रश्न फक्त फेसबद्दल आहे, कारण ते माझ्या हट्टापायी यादीत आलंय. आर्किटेक्चरला असताना आम्हाला तिथल्या बू इनानिया मदरशाच्या अंगणाचा छेद (उभ्या कापाचं चित्र) काढायला दिला होता. खाली रंगीत फरशीचे तुकडे, त्यावर चुन्याच्या गिलाव्यातलं कोरीवकाम, वर देवदाराचं लाकूड. त्या भिंतीसमोर एकदा उभं राहायचं, हे तेव्हापासून मनात आहे.

आता अडचणी सांगते. सासूबाई सपाटीवर तास-दीड तास आरामात चालतात, पण चढ आणि जिने लागले की गुडघे धरतात. शिवाय त्या अंडंसुद्धा खात नाहीत. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि चहाशिवाय त्यांचं पान हलत नाही. फेसच्या जुन्या शहरात गाडी जात नाही, हजारो गल्ल्या आहेत आणि माणूस हमखास हरवतो, असं सगळीकडे वाचून नवरा म्हणतोय की आई-बाबांना हॉटेलात ठेवू आणि आपण दोघं फिरून येऊ. मला ते पटत नाही. इतक्या लांब नेऊन त्यांना खोलीत बसवायचं?

गुरुवारी दुपारी पोचू, सोमवारी सकाळी मराकेशला निघू. राहायचं जुन्या शहरात की नव्या? गाइड घ्यावा का? शुक्रवारी सगळं बंद असतं म्हणतात, ते खरं का? आणि सासूबाईंनी खायचं काय? जे जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


शेवगा (रबात)

गोदाकाठ, नक्की या, आणि दोघांनाही बरोबर घेऊन फिरा. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही रबातला राहतो, त्यामुळे देशातून कुणी आलं की त्यांना फेसला नेण्याचं काम माझ्याकडे असतं. माझी आई काठी घेऊन फिरली आहे तिथे, म्हणून खात्रीने लिहिते.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, बाकी सगळं तिच्यावर बसवता येतं. जुनं फेस उतारावर आहे. पश्चिमेकडची बाब बू जलूद ही निळी कमान वरच्या अंगाला. करावियीन मशीद, अत्तरांचा बाजार, तांबटांचा चौक आणि नदी हे सगळं खाली. कमानीपासून तलआ कबीरा आणि तलआ सगीरा अशा दोन मोठ्या गल्ल्या खाली उतरत जातात. पाहुणे सकाळी हौसेने उतरतात आणि दुपारी दमल्यावर, हातात पिशव्या घेऊन तोच चढ चढतात. गुडघे तिथे जातात. तुम्ही चढायचंच नाही. वरून खाली रमतगमत चालत यायचं, तांबटांच्या चौकाजवळून रसीफच्या मैदानात बाहेर पडायचं आणि तिथे उभ्या असलेल्या लाल टॅक्सीत बसून परत वर जायचं. रसीफपर्यंत गाडी येते हे पुष्कळ लोकांच्या गावीही नसतं. आणि रस्ता चुकलात तरी उताराची दिशा धरली की तुम्ही नदीकडे, म्हणजे रसीफकडेच सरकता.

राहायचं जुन्या शहरातच. नव्या शहरात राहिलात तर रोज सकाळ-संध्याकाळ येण्याजाण्यातच जीव जाईल, आणि पहाटेचं फेस दिसणार नाही. पण रियाद (जुन्या वाड्यातलं हॉटेल) निवडताना दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. पहिली, टॅक्सी जिथे थांबते तिथून दरवाजा किती पावलांवर आहे. बत्हा चौक, ऐन अझलीतन किंवा रसीफ यांपैकी एकाच्या जवळचाच रियाद घ्या. दुसरी, तळमजल्यावर खोली आहे का. हे जुने वाडे असतात, मध्ये चौक, भोवती खोल्या, लिफ्ट नाही आणि जिने अरुंद. एकेक पायरी फूटभर उंच. फोटोत दिसणारी गच्चीवरची खोली सुंदर असते, पण ती सासूबाईंसाठी नाही. नोव्हेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते आणि चौक वरून उघडा असला तर गारवा थेट आत उतरतो, म्हणून हीटर आहे ना तेही विचारा. सामानाची काळजी नको. टॅक्सीच्या थांब्यावर हातगाडीवाले असतात, रियादला वेळ कळवली तर ते स्वतःच माणूस पाठवतात. हातगाडीचे पैसे मात्र आधी ठरवा.

आता टॅक्सी. शहरातल्या लहान टॅक्सी लाल रंगाच्या, आणि त्यांत तीनच प्रवासी बसवायची परवानगी. तुम्ही चौघं आहात, म्हणजे दर वेळी दोन टॅक्सी. चौथ्याला कोंबून घ्या म्हणून गळ घालू नका, चालक दंडाला घाबरतात. एका टॅक्सीत तुम्ही सासूबाईंबरोबर, दुसरीत बाप-लेक, असं ठरवून टाका. मीटरने चला, "कॉन्तूर" म्हटलं की कळतं. दिवसा शहरातल्या शहरात साधारण १५ ते २५ दिरहम होतात, रात्री आठनंतर मीटरवर निम्मे जास्त. चौघांना एकत्र जायचं असेल तेव्हा मोठी टॅक्सी, पण तिचा भाव बसण्याआधी ठरवायचा.

शुक्रवारबद्दल ऐकलंत ते खरं आहे. जुन्या शहरातली बरीच दुकानं शुक्रवारी बंद असतात, उरलेली दुपारच्या नमाजाला मिटतात. म्हणून शुक्रवार सपाटीला द्या. फेस अल-जदीद म्हणजे नवं फेस, पण हे "नवं" १२७६ सालचं, मरीनी घराण्याच्या सुलतानांनी वसवलेलं. तिथे राजवाड्याची पितळी दारं बाहेरून बघायची (आत सोडत नाहीत) आणि मग शेजारच्या मेल्लाहमध्ये शिरायचं. ही ज्यूंची वस्ती, १४३८ पासूनची, मोरोक्कोतली पहिली. तुम्हाला वास्तुकलेची आवड आहे तर इथे मान वर करून चाला. जुन्या फेसमध्ये घरं रस्त्याकडे पाठ करून बसलेली, बाहेरून नुसती कोरी भिंत आणि एक दार. मेल्लाहमध्ये मात्र घरांना रस्त्यावर उघडणारे लाकडी सज्जे आहेत. पाच मिनिटांच्या अंतरात घराचा सगळा स्वभावच बदलतो. इब्न दनान सिनेगॉगही तिथेच आहे, सतराव्या शतकातलं, शुक्रवारी दुपारच्या आत बघा. मग जनान सबील बागेत जा. सावली, तळं, बांबूची बेटं, बसायला बाकं. सोमवारी ती बंद असते, पण तुम्ही तेव्हा निघालेले असाल.

उताराची मोठी फेरी शनिवारी करा. सकाळी नऊला बाब बू जलूदपाशी उतरा. ही कमान पाहून शहराइतकीच जुनी वाटते, पण ती १९१३ ची आहे. बाहेरून निळी, आतून हिरवी. आत शिरल्यावर तलआ कबीराच्या तोंडाशी खाटकांची दुकानं आहेत आणि तिथे उंटाचं मुंडकं टांगलेलं असतं. सासूबाईंना आधीच कल्पना द्या, किंवा तलआ सगीराने सुरुवात करून मधल्या बोळाने बू इनानियाला निघा.

बू इनानिया १३५० च्या दशकातला, सुलतान अबू इनानचा. दार उघडताच पोचलात तर अंगण तुमचं एकट्याचं असतं. नमाजाच्या वेळी पाहुण्यांना बाहेर काढतात, त्यामुळे दुपारवर ढकलू नका. तुमच्या छेदातले ते तीन थर तिथे बोटाने दाखवता येतील इतके स्वच्छ आहेत. माझा आग्रह आहे की फरशीच्या कामापाशी अगदी जवळ जा, नाक लागेल इतकं. लांबून ते छापील नक्षीसारखं सपाट दिसतं. जवळून कळतं की प्रत्येक चांदणी, प्रत्येक पट्टी हा हातोडीने वेगळा तासलेला तुकडा आहे आणि दोन तुकड्यांमधली फट केसाएवढी. मदरशाबाहेर गल्लीच्या समोरच्या भिंतीवर बारा खिडक्या आणि बाहेर आलेल्या लाकडी तुळया दिसतील, ते १३५७ चं पाण्याचं घड्याळ. आज चालत नाही.

तिथून खाली खाली येत राहा. पाठीमागून "बालक! बालक!" असं कुणी ओरडलं की विचार न करता भिंतीला चिकटा, खेचर येतंय. त्याच्या पाठीवर गॅसच्या टाक्या नाहीतर ओली कातडी असतात आणि गल्लीत त्याचीच रुंदी जेमतेम मावते. सासऱ्यांना मधे चालू देऊ नका.

नज्जारीनच्या चौकात बसा. जुनी सराई आहे, आता लाकूडकामाचं संग्रहालय. वर गच्चीवर चहा मिळतो, पण जिने आहेत, त्यामुळे सासूबाईंनी खालीच कारंज्याजवळ थांबावं. मग अत्तारीन मदरसा, १३२५ चा, बू इनानियाहून लहान आणि माझ्या मते जास्त नाजूक. त्याला लागूनच करावियीन. ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईंनी ही मशीद बांधवली असं परंपरा सांगते, पुढे तिथेच विद्यापीठ वाढलं. आपल्याला आत जाता येत नाही, पण दारं उघडी असतात आणि उंबऱ्याबाहेरून अंगण दिसतं. उंबऱ्यावर पाय ठेवू नका, नमाज चालू असताना फोटो काढू नका.

शेवटी सफ्फारीन, तांबटांचा चौक. पुण्याची तांबट आळी ज्यांनी ऐकली आहे त्यांना तो आवाज डोळे मिटूनही ओळखू येईल. लग्नाच्या जेवणावळीची प्रचंड पातेली तिथे रस्त्यावरच ठोकत बसलेले असतात. झाडाखाली चहाची दुकानं आहेत. एक जण ठोका देतो, दुसरा त्याच्या मधल्या जागेत ठोका घालतो, आणि बराच वेळ ऐकलं की दोघांमधली लय सापडते. इथे अर्धा तास ठेवाच. इथून रसीफ अगदी जवळ, पुन्हा उतारच.


सह्यकडा (ठाणे)

शेवगाताईंनी फार छान लिहिलंय. गाइडबद्दल माझं मत सांगतो. मी एकटा गेलो होतो आणि गाइड घेतला नाही. जुन्या शहरात भिंतींवर रंगीत चांदण्यांच्या पाट्या आहेत, प्रत्येक रंगाची वेगळी फेरी आखलेली आहे. त्या धरून चाललं की मुख्य सगळं होतं. मोबाइलचा नकाशा उंच भिंतींमध्ये भरकटतो, पण दोन्ही तलआ गल्ल्यांवर असाल तोवर अडचण नाही. गाइड बरोबर असला की तो गालिच्यांच्या आणि चामड्याच्या दुकानांत नेतो, तिथे तास-तास जातो. हरवत फिरण्यात जे मिळतं ते गाइडबरोबर मिळत नाही.

एक सावधगिरी. "पुढे रस्ता बंद आहे", "आज एकच दिवस बर्बर लोकांचा बाजार भरलाय, चला दाखवतो" असं म्हणत पोरं मागे लागतात. रस्ता बंद नसतो आणि तसा बाजारही नसतो. "ला, शुक्रन" म्हणायचं, हसायचं आणि चालत राहायचं. थांबून वाद घालायचा नाही.


शेवगा (रबात)

सह्यकडा, एकट्या तरुण माणसासाठी तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण सत्तरीच्या माणसांबरोबर हरवण्याची चैन परवडत नाही. एक चुकीचं वळण म्हणजे चाळीस पायऱ्या खाली आणि त्याच चाळीस पुन्हा वर. म्हणून गोदाकाठ यांनी शनिवारी अर्ध्या दिवसासाठी परवानाधारक गाइड घ्यावाच. सरकारी ओळखपत्र गळ्यात असतं, ते बघून घ्यायचं. ठरवतानाच स्पष्ट सांगायचं : एकही दुकान नको, पायऱ्यांचा बोळ नको, शेवट रसीफला. हे सगळं रियादच्या माणसासमोर बोलायचं. चांगला गाइड बिनपायऱ्यांच्या वाटा जाणतो, त्याचे पैसे त्यासाठीच द्यायचे. रविवारी मग तुम्ही आणि नवऱ्याने हवं तेवढं हरवावं.


गोदाकाठ (नाशिक)

शेवगाताई, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "उतरायचंच आहे ना, मग मी येणार." नवरा गप्प आहे, म्हणजे पटलंय.

चामडं कमवायचे आणि रंगवायचे हौद तुम्ही मुद्दाम वगळलेत का? आणि खाण्याचं कुणी सांगेल का?


बुक्का (पंढरपूर)

खाण्याचं मी सांगते. आम्ही दोघं माळकरी. फेसला आठवडाभर होतो, एकदाही उपाशी झोपलो नाही. पण डोळे उघडे ठेवून मागवावं लागतं.

मोठी खोच अशी की तिथे "भाज्यांचं" म्हणून जे देतात त्यात मांस दिसत नाही एवढंच. भाज्यांचा ताजीन (मातीच्या झाकणाच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा) बऱ्याचदा मांसाच्या रश्श्यात शिजतो. कुसकुस (रव्याचे बारीक दाणे) तर मांस आणि भाज्या ज्या भांड्यात रटरटत असतात त्याच्याच वाफेवर शिजवतात. हरीरा हे सूप दिसायला डाळ-टोमॅटोचं, पण आत बहुतेक वेळा मटणाचे बारीक तुकडे. म्हणून "शाकाहारी आहे का?" असं विचारू नका, तसं विचारलं की प्रेमाने मान हलवतात. नेमकं सांगा : "ब्ला ल्हम, ब्ला मर्का द्याल ल्हम, ब्ला बीद." मांस नको, मांसाचा रस्साही नको, अंडं नको. हे अरबीत रियादवाल्याकडून एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा. आमचा कागद तेलाने पार पारदर्शक झाला होता, पण प्रत्येक दुकानात कामाला आला.

आता काय खायचं ते. सकाळी बिसारा. सुक्या बाकल्याची डाळ लसूण घालून घोटून घोटून शिजवतात, वाडग्यात ओततात, वर ऑलिव्हचं तेल आणि जिऱ्याची पूड. बरोबर गरम गोल रोटी. लहानशा दुकानात भलं मोठं पातेलं तिरकं ठेवलेलं दिसलं की समजावं. हमालांचा नाश्ता आहे तो, पोट दुपारपर्यंत हूं का चूं करत नाही, आणि सासऱ्यांच्या साखरेलाही मैद्यापेक्षा बरा. तव्यावरचे पदार्थ म्हणजे म्समन (घडी घालून चौकोनी लाटलेली), हर्शा (रव्याची जाडसर भाकरी) आणि बगरीर (वर सगळी छिद्रं असलेलं, रव्याचं). म्समन बायका तुमच्यासमोर तेल लावून हाताने ताणतात, कागदाएवढी पातळ झाली की चारी बाजूंनी दुमडतात. बघत उभं राहावंसं वाटतं. त्यावर मध नको म्हणून आधी सांगा, सासऱ्यांसाठी.

जेवणात झालूक मागवा. भाजलेलं वांगं, टोमॅटो, लसूण, जिरं. तकतूका म्हणजे भाजलेल्या ढोबळ्या मिरच्यांचं तसंच काहीतरी. हे दोन, ऑलिव्ह आणि रोटी एवढ्यावर छान जेवण होतं. पांढऱ्या घेवड्याची लुबिया आणि मसूरही मिळतात, पण त्यात कधी खारवलेलं मांस टाकतात, विचारूनच घ्या. रस्त्यावर मकूदा नावाची बटाट्याची तळलेली टिक्की दिसेल, वास सुटलेला असेल, तुमचा हात पुढे जाईल. त्यात अंडं असतं. सासूबाईंना नको.

सगळ्यात चांगलं जेवण आम्हाला रियादमध्ये मिळालं. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकीण बाईंना सांगितलं, मांसाशिवाय सात भाज्यांचा कुसकुस करून द्याल का म्हणून. शुक्रवार होता, त्यांच्याकडे शुक्रवारी घरोघरी कुसकुस असतोच. त्यांनी नवं पातेलं काढलं आणि मला आत बोलावून दाखवलं. गाजर, सलगम, दोडक्याएवढी हिरवी काकडीवर्गीय भाजी, तांबडा भोपळा, कोबी, हरभरे. माझ्या गळ्यातली तुळशीची माळ बघून त्यांनी ओढणीखालची आपली जपमाळ काढून दाखवली. भाषा एकमेकींची येत नव्हती, काही अडलं नाही.

गोडात संत्र्याच्या चकत्या दालचिनी भुरभुरून देतात, तीच सगळ्यांना चालेल. पुदिन्याचा चहा किटलीतच साखर घालून उकळतात, मागाहून कमी करता येत नाही. "ब्ला सुक्कर" आधी म्हणायचं. दुधाचा चहा मिळत नाही असं समजा. सासऱ्यांची चहापूड आणि दूधपावडर बरोबर घ्या, गरम पाणी कुणीही देतं. रसीफच्या बाजारात खजूर, अंजीर, बदाम, ऑलिव्ह खूप स्वस्त.


शेवगा (रबात)

बुक्काताई, किती नेमकं लिहिलंत!

गोदाकाठ, हौदांचं मुद्दाम वेगळं लिहायचं ठेवलं होतं. शुआराचे हौद बघायला भोवतीच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवर जावं लागतं, आणि गच्ची म्हणजे जिने. वर चढवायला पैसे नाहीत म्हणतात, मग उतरताना खरेदीचा आग्रह होतो. काही घ्यायचं नसेल तर १०-२० दिरहम हातावर ठेवून निघावं. वास जबरदस्त येतो, दारातच पुदिन्याची जुडी देतात ती नाकाशी धरायची.

वास कशाचा ते कळलं की मग दृश्यही वेगळं दिसतं. पांढऱ्या हौदांत चुना असतो, त्यात कातडी भिजवून केस सुटे करतात. मग कबुतरांच्या विष्ठेच्या पाण्यात घालतात, तिच्यातल्या अमोनियाने कातडं मऊ पडतं. त्यानंतर रंगाचे हौद. माणसं मांडीपर्यंत त्या पाण्यात उभी राहून पायांनी कातडी तुडवतात, भर थंडीतही. तुम्ही गच्चीवरून जे रंगीत चित्र बघता ते कुणाच्या तरी पाठीचं आणि गुडघ्यांचं काम आहे. तिथे त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये आणि नाक मुरडत हसू नये, एवढं मी प्रत्येक पाहुण्याला सांगते. तुम्ही आणि नवरा रविवारी जा. आई-बाबांनी तेवढ्या वेळात सफ्फारीनला चहा घ्यावा.

त्यांच्यासाठी रविवारी सकाळी मी ऐन नुकबी सुचवते. जुन्या शहराबाहेर पूर्वेला कुंभारांची वस्ती आहे, टॅक्सी दारात जाते, जिने नाहीत. भट्ट्यांत ऑलिव्हच्या बिया जाळतात. पण तुम्ही तिथे बघायचं ते फरशीचं काम. कारागीर मांडी घालून बसतो, समोर दगडाची ऐरण, हातात दोन्हीकडे धार असलेली जड हातोडी. भाजलेल्या रंगीत फरशीवर आखलेली रेघ, आणि तो टक टक करत एकेक चांदणी सोडवतो. नंतर हे तुकडे जमिनीवर पालथे मांडतात. रंगाची बाजू खाली, उघडी मातीची बाजू वर. मांडणाऱ्याला नक्षी दिसतच नाही, नुसते एका रंगाचे मागचे आकार, आणि तरी कोणता तुकडा कुठे हे त्याला पाठ असतं. मग मागून गिलावा ओततात आणि वाळल्यावर फळा उभा करतात. आदल्या दिवशी बू इनानिया बघून आलेल्या माणसाने हे बघितलं नाही तर फेस अर्धंच बघितलं असं मला वाटतं.

संध्याकाळी मरीनी सुलतानांच्या थडग्यांच्या टेकडीवर टॅक्सीने जा, टॅक्सी थांबवून ठेवा, अंधार पडायच्या आत परत फिरा. सगळं जुनं शहर समोर येतं, आणि सासूबाईंना दाखवता येईल की त्या कुठून कुठपर्यंत चालल्या.


दुबईकर_सातारी (दुबई)

कोरडी माहिती माझ्याकडून. भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा मिळतो, सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, मधल्या दलालांची गरज नाही. कासाब्लांका विमानतळातूनच रेल्वे आहे. कासा व्हॉयाजर्स स्टेशनला बदलून फेसची गाडी, तिथून साधारण चार तास. फर्स्ट क्लासला जागा राखीव असते, वयस्कर माणसांबरोबर तेच घ्या. वाटेत कासाब्लांकाला हसन दुसरे यांची मशीद बघा, १९९३ ला पूर्ण झाली, आणि तिथे मुस्लिमेतरांना आत नेतात.

पैसे : दुबईमार्गे येणाऱ्यांचा एक घोटाळा मी नेहमी बघतो. आमचा दिरहम आणि तिथला दिरहम वेगळा. आमच्या एका दिरहमचे तिथले साधारण अडीच होतात. तिथलं चलन देशाबाहेर सहसा मिळत नाही, उतरल्यावर विमानतळावर बदला किंवा एटीएममधून काढा. जुन्या शहरात रोखीचाच व्यवहार. १०-२० च्या नोटा आणि नाणी भरपूर ठेवा, २०० ची नोट मोडायला कुणी तयार नसतं.

ड्रोन घरी ठेवा. परवान्याशिवाय बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात.


गोदाकाठ (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरलंय : बत्हाजवळ तळमजल्याच्या दोन खोल्या, शुक्रवारी मेल्लाह आणि बाग, शनिवारी गाइडबरोबर उतार, रविवारी सकाळी कुंभार, दुपारी आम्ही दोघं हौद, संध्याकाळी टेकडी. शुक्रवारच्या कुसकुसचं रियादला आत्ताच कळवते.

एकच राहिलं. सोमवारी मराकेशला विमानाने जावं की रेल्वेने?


शेवगा (रबात)

रेल्वेने. साडेसहा-सात तास लागतात, पण बसून, पाय लांब करून. मक्नेस, रबात, कासाब्लांका अशी वाट. सकाळची गाडी घ्या म्हणजे उजेडात पोचाल. गाडीत शाकाहारी काही मिळेल या भरवशावर राहू नका. रविवारी रात्री रियादला सांगून हर्शा, झालूक आणि उकडलेल्या बटाट्यांचा डबा भरून घ्या, थर्मासमध्ये गरम पाणी घ्या. तिकिटं फर्स्ट क्लासची आणि एकाच डब्यातली आहेत ना, ते काढतानाच बघा.

गाडी रबातला थांबते. तारीख कळवलीत तर मी फलाटावर येते, सासूबाईंसाठी पोळी-भाजी घेऊन.